सर्दीवाल्या गुप्तहेराचा दुसरा भाग

बाबांची पहिली तपासणी झाली त्या दिवशी मी पोहे केले होते. तिथेच चुकलं.

ही तपासणी दवाखान्यातली नव्हे. म्हातारा माणूस घरात एकटा राहू शकतो की नाही हे ठरवायला इथे सरकारकडून कुणीतरी येतं, तासभर बसतं, प्रश्न विचारतं आणि त्यावरून मदत मंजूर होते. थोडी, जास्त, किंवा मग केअर होम. आम्हाला जास्त हवी होती. मी ऑस्ट्रेलियात डार्विनला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करते, शिफ्टमध्ये. नवरा समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर, तीन आठवडे तिकडे आणि तीन आठवडे घरी. मुलगी मेलबर्नला युनिव्हर्सिटीत. आई गेल्यावर बाबांना आम्ही पुण्याहून इकडे आणलं, त्याला सात वर्षं झाली. नवरा समुद्रात असला आणि मी शिफ्टला गेले की ब्याऐंशी वर्षांचे बाबा आठ तास घरात एकटे. पहिली पाच वर्षं याचं काही वाटलं नाही. मग वाटायला लागलं. एकदा ते शेव्हिंग क्रीमने दात घासत होते. एकदा गॅस चालू आणि वर भांडंच नाही. आई बाजारातून अजून कशी आली नाही, असं ते आधी महिन्यातून एकदा विचारत, मग आठवड्यातून.

म्हणून मी अर्ज केला. रोज दिवसा सोबतीला कुणी मिळालं तर बाबा घरी राहू शकतील, नाही मिळालं तर नाही. एवढाच प्रश्न होता.

अनोळखी माणूस आपल्या घरातलं माणूस बघायला येणार असेल तर काय करायचं, याची आम्हाला एकच पद्धत ठाऊक आहे. माझे स्वतःचे असे तीन कार्यक्रम झालेले आहेत. घर आवरायचं, माणूस आवरायचा, पोहे करायचे, आणि जे काही उणं असेल ते आतल्या खोलीत ढकलून दार लावायचं. मी तेच केलं. बाबांची दाढी करून दिली, त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. शेगडीच्या बटणांवर ‘हात लावू नका’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्या काढल्या. बाथरूमकडे नेणारा कागदी बाण काढला. मागच्या दाराला उंचावर बसवलेली जादा कडी दिसू नये म्हणून तिच्यावर कॅलेंडर लटकवलं. गादीवरच्या प्लास्टिकवर जाड चादर घातली आणि चारी बाजूंनी खोचली. हे सगळं करताना मला एकदाही वाटलं नाही की मी काही लपवते आहे. पाहुणे येणार म्हणून घर आवरत होते, बस.

बाई आल्या. साठीच्या जवळपास, उन्हाने भाजलेला चेहरा, हातात टॅब्लेट. पहिलाच प्रश्न त्यांनी मला विचारला, दुभाष्या लागेल का.

“छे, छे,” मी म्हटलं. “तार ऑफिसात होते ते. त्यांचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

आज वार कोणता, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं. होऊन गेलेल्या दिवसांवर फुली मारायची मला सवय आहे. बाबा डोळे बारीक करून म्हणाले, “थर्सडे.” बरोबर होतं. महिनासुद्धा बरोबर आला, तो तर मोठ्या अक्षरांत छापलेला होता. मग बाईंनी तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारीन म्हणाल्या. ते तीन शब्द आता बुडणार हे मला दिसत होतं. तेव्हा, आमच्या काळी मुलीला गाणं म्हणायला सांगत तसं, मी म्हटलं, “बाबा, त्यांना तो पिक्चर सांगा ना. दुसरा भाग.”

बाबा सरसावून बसले.

हा पिक्चर काय ते इथे सांगायला हवं. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये गुप्तहेरांचे पिक्चर पैशाला पासरी निघत होते आणि त्यांची टर उडवणारेही निघत होते. पुण्यात कॅम्पातल्या थिएटरला ते दोन-चार वर्षांनी शिळे होऊन पोचायचे आणि रविवारी सकाळी लागायचे. त्यातल्या एका टर उडवणाऱ्या पिक्चरचा नायक असा गुप्तहेर होता की ज्याला बारमाही सर्दी. लपून बसला की शिंकायचा. म्हणून साहेबांनी त्याला टेबलाशी बसवून ठेवलेलं, आणि बाकीचे सगळे एकेक करून पकडले गेले म्हणून नाइलाजाने याला पाठवलेलं. पिक्चर चालला, म्हणून त्याचा दुसरा भाग निघाला.

आम्ही तार ऑफिसच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. चोवीस बिऱ्हाडं. इंग्लिश पिक्चरमधलं धावतं बोलणं समजणारे त्यात बाबा आणि आणखी एक-दोघे. तेव्हा पद्धत अशी होती की बाबांनी रविवारी सकाळी जाऊन पिक्चर बघायचा आणि संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून तो सगळ्यांना मराठीत सांगायचा. एक जण बघणार आणि साठ जण ऐकणार. बायका शेंगा आणायच्या. बाबा पार्श्वसंगीतासकट सांगायचे. गाडी पळाली की तोंडाने गाडी, बंदूक उडाली की बंदूक. त्यातल्या मुलींचे पांढरे बूट गुडघ्यापर्यंत आणि स्कर्ट त्याहून बरेच वर असत. पण पायऱ्यांवर वयस्कर बायका असल्या की बाबांचे स्कर्टही बुटांना येऊन टेकत.

दुसऱ्या भागावर सगळ्यात जास्त मागणी होती. तो मी जन्मायच्या आधीच पायऱ्यांवर सांगून झाला होता, तरी माझ्या लहानपणी दिवे गेले की कुणीतरी ओरडायचंच, “सर्दीवाला होऊन जाऊ द्या!” त्यातला खलनायक आपल्या टोळीला निरोप पाठवायचा तो लग्नाच्या शुभेच्छांच्या तारांमधून. शुभेच्छांच्या तारेला आपल्याकडे तेव्हा ठरलेले आकडे होते. आकडा पाठवला की पलीकडे अख्खं वाक्य उमटायचं. खलनायकाची सगळी कारस्थानं त्या आकड्यांत. लंडनच्या तार ऑफिसात एक मुलगी असते, तिचं ऑफिसात कुणी ऐकत नाही. तिच्या लक्षात येतं की एकाच जोडप्याला तीन शहरांतून तीन वेगवेगळ्या दिवशी लग्नाच्या शुभेच्छा येताहेत. एवढे दिवस चालतंय ते लग्न कसलं? ती तार अडवून धरते. शेवटी खलनायकाच्या बंगल्यावर जेवणाची पंगत, सुपाच्या भांड्यात बॉम्ब, आणि ती मुलगी चमच्याने ग्लासवर टकटक करून तारेच्या भाषेत नायकाला सांगते, की भांड्याचं झाकण उचलू नकोस. बाबा स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे. खरीखुरी तार वाजवायचे. पायऱ्यांवर बसलेल्या त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना ती कळायची आणि ते आधीच हसायचे.

डार्विनला आल्यावर बाबांचं विसरणं वाढायला लागलं तेव्हा मी या पिक्चरची परीक्षा केली. रविवारी त्यांची नखं कापताना म्हणायचं, बाबा, दुसरा भाग सांगा. ते सांगायचे. तीन शहरं त्याच क्रमाने, सूप, चमचा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी मनात म्हणायचे, डोकं जागेवर आहे, आणि सोमवारी शिफ्टला जायचे. लॅबमध्ये मी रोज यंत्राला ठरलेलं उत्तर माहीत असलेला नमुना देते आणि उत्तर बरोबर आलं तरच पुढचं काम सुरू करते. तसंच हे, असं मला वाटायचं.

तर बाबांनी बाईंना इंग्लिशमधून दुसरा भाग सांगितला. चमचा वाजवला. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांच्या आईला असले पिक्चर फार आवडायचे म्हणाल्या. पोहे दोनदा घेतले. तीन शब्द त्यांनी परत विचारले की नाही, मला आठवत नाही. विचारले असतील तर मी मध्ये चहा आणला असेल.

“ही’ज अ डार्लिंग,” जाताना त्या मला म्हणाल्या. “यू मस्ट बी सो प्राउड.”

तीन आठवड्यांनी पत्र आलं. संभाषण उत्तम, विनोदबुद्धी उत्तम, कुटुंबाचा आधार उत्तम. आठवड्यातून दोन तास साफसफाई मंजूर. थोडक्यात, पसंती आली होती. नवरा फोनवर म्हणाला, “अगं, पण आपल्याला नापास व्हायचं होतं ना?”

सप्टेंबरअखेर मुलगी सुट्टीला आली. आल्या आल्या तिने लॅपटॉप उघडला. “मम, गेस व्हॉट. आजोबांचा स्पाय मूव्ही मिळाला. सीक्वेल. इट्स स्ट्रीमिंग.”

मला खरंच आनंद झाला. बाबा टीव्हीसमोर तास-दोन तास बसले तर मला तेवढा वेळ मोकळा मिळणार, हा त्यात मोठा भाग होता. बाहेर बिल्ड-अप सुरू झाला होता. पावसाआधीचे हे दोन महिने इथे असे जातात, की आभाळ रोज भरून येतं आणि रोज तसंच परत जातं, माणसं एकमेकांवर खेकसतात. आम्ही दुपारी पडदे ओढले, एसी लावला, बाबांना मधल्या खुर्चीत बसवलं.

नायक तोच. शिंकला तेव्हा बाबा हसले. रंग अजून झगझगीत होते. नारिंगी भिंती, पांढरे बूट, प्लास्टिकच्या खुर्च्या. मुलगी म्हणाली, “ओ माय गॉड, द फॅशन.” खलनायक आला. तो दातांचा डॉक्टर होता. बर्फातल्या दवाखान्यात मंत्र्यांच्या दाढांमध्ये रेडिओ बसवत होता. नायक स्की करत पळाला, केकच्या दुकानात घुसला, सगळ्यांच्या तोंडाला क्रीम लागलं.

मी तार ऑफिसची वाट बघत होते. तासाभराने माझ्या लक्षात आलं की ते येणार नाही.

“हा नव्हे,” बाबा म्हणाले.

“आजोबा, धिस इज द सेकंड वन. इट सेज सो.”

“हा नव्हे. दुसरा लाव. ती मुलगी कुठाय?”

“विच गर्ल?”

“तारवाली.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “यांनी काढून टाकली तिला. कुणी काढली?” मग ते उठले आणि चपला शोधायला लागले. घरी जायचं म्हणाले. मी म्हटलं, बाबा, हेच घर. ते म्हणाले, “तुमचं असेल.” तुमचं म्हणाले. मला बाबांनी जन्मात अहोजाहो केलं नव्हतं.

त्यांना झोपवल्यावर मी पुण्याला आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नाआधी ती आमच्याकडे क्वार्टर्समध्येच राहायची.

“आत्या, तो सर्दीवाल्याचा दुसरा भाग आठवतो का गं? त्यात ती तारवाली मुलगी होती ना?”

पलीकडून खोखो हसू आलं. “सापडला का शेवटी? अगं, त्याने तो पाहिलाच नव्हता!”

“म्हणजे?”

“रविवारी सकाळी ऑफिसातून शिपाई आला बोलवायला. कुठेतरी पूर आलेला, तारा तुंबलेल्या. दिवसभर तिथेच होता. आणि पिक्चर त्याच आठवड्यात उतरला. संध्याकाळी हा दमून आला तर पायऱ्यांवर सगळी जत्रा जमलेली. वरच्या काकू पाटीभर शेंगा घेऊन. आता नाही म्हणायचं कसं? तोंड धुतलं, बसला आणि सुरू केलं. मला जिन्यात गाठून म्हणाला, कुणाकडे बोललीस तर याद राख.”

“आणि तू पन्नास वर्षं बोलली नाहीस?”

“शप्पथ घातली होती ना मेल्याने. वहिनीलासुद्धा माहीत नव्हतं. कसा आहे तो?”

“बरा आहे,” मी म्हटलं. परत तेच. विचारणारं माणूस सख्खं असलं तरी तोंडातून आधी तेच येतं.

लंडनच्या ऑफिसात पुण्यातले आकडे कसे, हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही हे ठीक. पण पन्नाशी उलटलेल्या, शिकलेल्या बाईला तो पडायला हवा होता. ज्याचं ऑफिसात कुणी ऐकत नाही आणि ज्याच्या सगळं लक्षात येतं, तो माणूस कोण हे न कळायला मी काही बाळ नव्हते. ते असो. माझ्या दृष्टीने मुद्दा वेगळा होता. मी दोन वर्षं बाबांची परीक्षा घेत होते आणि माझ्याकडे बरोबर उत्तरच नव्हतं. बाबा पाहिलेलं काही आठवून सांगत नव्हते. स्वतः रचलेली आणि हजारदा घोकलेली एक गोष्ट तेवढी त्यांच्याकडे उरली होती, आणि तिच्या भरवशावर मी त्यांना घरात एकटं ठेवून जात होते.

दुसऱ्याच दिवशी त्या ऑफिसला फोन करायला हवा होता. नवऱ्यानेही तेच सांगितलं. मी केला नाही. काय सांगणार होते? की आधी जे दाखवलं ते खोटं होतं? कडीवर कॅलेंडर लावलं होतं? मला लाज वाटत होती. दोन आठवड्यांनी नवरा येणार होता, तो आला की बघू, असं मी ठरवलं. तोवर मुलगी मैत्रिणींकडे गेली असली की मागचं दार वरच्या कडीने, पुढचं दार बाहेरून कुलपाने. जेवणाच्या सुट्टीत गाडीने घरी एक चक्कर.

आठ दिवस हे जमलं. नवव्या दिवशी मुलीची मेलबर्नची फ्लाइट होती. तिला सोडून मी तशीच शिफ्टला गेले, आणि निघायच्या घाईत पुढच्या दाराला कुलूप लावायचं राहिलं. एवढंच झालं. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, नाही सापडलं.

दुपारी एकच्या सुमाराला इमर्जन्सीतून नमुन्यांचा ट्रे आला. मी एकेक ट्यूब उचलून लेबल वाचत होते. तिसऱ्या ट्यूबवर माझं माहेरचं आडनाव होतं. या शहरात ते दुसऱ्या कुणाचं नाही. मी जन्मतारीख वाचली. मग परत वाचली. शेजारच्या टेबलावरच्या माझ्या सहकारी बाईने विचारलं, “यू ओके, मेट?” मी ट्यूब तिच्याकडे दिली. आपल्या माणसाचा नमुना आपण लावायचा नाही असा नियम आहे, आणि त्या क्षणी मला फक्त नियमच आठवत होता. तिने तो लावला. सोडियम फार वाढलेलं होतं. अंगातलं पाणी संपलं की असं होतं.

बाबा दीड किलोमीटरवर बस स्टॉपपाशी सापडले होते. अनवाणी. इथला डांबरी रस्ता दुपारी तव्यासारखा असतो. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या ग्रीक गृहस्थांनी त्यांना गाडीतून जाताना ओळखलं आणि थेट हॉस्पिटलात आणलं. मी इमर्जन्सीत पोचले तेव्हा बाबांचे दोन्ही तळपाय पांढऱ्या पट्ट्यांत होते आणि ते ग्रीक आजोबा टोपी हातात धरून कोपऱ्यात उभे होते. “ही वॉज गोइंग टु वर्क,” ते मला म्हणाले. “ही टोल्ड मी ही’ज लेट.” ते बहुधा हातवाऱ्यांवरून समजले असावेत, कारण बाबा त्या दिवशी इंग्लिशचा एकही शब्द बोलत नव्हते. नंतरही ते परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, शेवटी शिकलेली भाषा आधी जाते.

दुसरी तपासणी वॉर्डातच झाली. या वेळी चाळिशीतले एक गृहस्थ होते आणि दुभाषी फोनवर. पोहे नव्हते. मी घरून यादी लिहून आणली होती आणि मनाशी ठरवलं होतं, की सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. इंग्लिशमध्ये सांगणार होते, बाबांना आता इंग्लिश कळत नाही, तेव्हा ते तोंडावर बोलल्यासारखं होणार नाही, हाही हिशेब होता.

गृहस्थांनी फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला. मी वाचायला सुरुवात केली. लघवी कपड्यांत होते, आठवड्यातून चार-पाच वेळा. गॅस चालू ठेवतात. मला ओळखतात, पण रोज नाही. एकदा माझ्यावर हात उगारला.

मी श्वास घ्यायला थांबले, आणि फोनमधून एका तरुण बाईचा गोड, आदबशीर, थेट पुण्यातला आवाज आला. “आजोबा, तुमच्या मुलीचं म्हणणं असं आहे की तुम्हाला कधीकधी कपड्यांत लघवी होते. गॅस तुमच्याकडून चालू राहतो. मुलीला तुम्ही रोज ओळखत नाही, आणि एकदा तिच्यावर हात उगारलात.”

बाबांनी मान वळवून फोनकडे बघितलं.

“हे त्यांना सांगायलाच हवं का?” मी इंग्लिशमध्ये विचारलं.

“आजोबा, मुलगी विचारतेय, की हे सगळं तुम्हाला सांगायलाच हवं का,” आवाज म्हणाला. मग तो माझ्यासाठी इंग्लिशमध्ये म्हणाला, की खोलीत जे बोललं जाईल ते सगळं दोन्हीकडे पोचवणं हे तिचं काम आहे, सॉरी. मग तेही तिने बाबांना मराठीत सांगितलं.

तिची काही चूक नव्हती. आम्ही बाबांच्या हातून निघालेल्या तारांची घमेंड मारत मोठे झालो. वाईट बातमीची तार आली तरी शब्द बदलायचा नाही, गाळायचा नाही. नोकरीचा नियमच होता तो.

यादीत अजून अकरा गोष्टी होत्या. मी त्या वाचल्या. तीन-तीन सांगून थांबायचे, आवाज मराठी करायचा, बाबा ऐकायचे. मान किंचित तिरपी, डोळे अर्धवट मिटलेले. कामावर असताना ते असेच ऐकत असणार. शेवटची ओळ झाल्यावर गृहस्थ म्हणाले, यावर त्यांना काही म्हणायचं आहे का ते विचारा. आवाजाने विचारलं.

“ती म्हणते ते खरं असेल,” बाबा म्हणाले. “ती खोटं बोलत नाही.”

हे इंग्लिशमध्ये होऊन परत खोलीत आलं. गृहस्थांनी टाइप केलं. मी खिडकीकडे बघत होते.

“तुम्हाला कुठे राहायला आवडेल, आजोबा?”

“क्वार्टर्समध्ये.”

“इन द क्वार्टर्स,” आवाज म्हणाला. गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “गव्हर्नमेंट हाउसिंग. इट्स नॉट देअर एनी मोअर.” आवाजाने तेही मराठीत केलं, की आजोबा, ती जागा आता नाही. बाबा म्हणाले, “हो का.” मग त्यांनी फोनवरच्या मुलीला विचारलं, तू कुठली गं? ती जरा घुटमळली. एवढ्यासाठी तिला परवानगी नसावी. “वैयक्तिक नाही बोलता येत, आजोबा,” ती म्हणाली, आणि इमानदारीने इंग्लिशमध्ये आम्हालाही तेच सांगितलं.

या वेळी निर्णय पटकन आला. घरी मदत आता पुरणार नाही, केअर होम. आधी मी खरं बोलले असते तर मधलं काहीतरी मिळालं असतं, असं मला वाटतं. नवरा म्हणतो, असं काही नाही, सहा महिन्यांनी हेच झालं असतं. असेल. पण ते सहा महिने बाबांचे होते.

बाबांच्या पायांच्या जखमा भरेपर्यंत होममध्ये एक जागा रिकामी झाली. जागा रिकामी होते म्हणजे काय होतं, हे लॅबवालीला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी फोन आला, चोवीस तासांत कळवा म्हणाले. मी चहाच्या सुट्टीत कळवलं, हो म्हणून. मुलीला मेसेज केला. तिने रडण्याचं चित्र पाठवलं आणि लिहिलं, “डिड यू टेल हिम?”

नेताना गाडीत सांगितलं. सिग्नलला थांबले होते, पाऊस लागला होता, वायपर जोरात चालले होते. मी म्हटलं, “बाबा, आता तुम्हाला एका होममध्ये राहायचं आहे. तिथे बायका आहेत बघायला. मी रोज येईन, शिफ्ट असेल तसं. घरी परत नाही यायचं.” नर्स म्हणाली होती, थोड्या दिवसांसाठी आहे असं सांगा, त्यांना बरं वाटतं. मी तसं सांगितलं नाही. या प्रकरणात माझ्या वाटणीचं खोटं बोलून झालं होतं.

बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, “बदली झाली का?”

“हो.”

“तुझ्या आईला कळवलंस?”

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. आई जाऊन सात वर्षं झाली आणि आत्ताच मी ठरवलं होतं की यापुढे खोटं नाही.

“कळवलं, बाबा,” मी म्हटलं, आणि गाडी सोडली. तीन वाजता माझी शिफ्ट होती.